लाँग-ईझी घेताय? आधी अल्बम मागा

तुमचा प्रश्न बाकीच्यांसाठी थोडक्यात परत मांडतो. तुम्ही डॅलसजवळ राहता, गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं, प्रायव्हेट पायलटचं लायसन्स आहे, १४० तास झालेत आणि ते सगळे सेसना १७२ वर. ऑफिसातल्या एकाच्या शेजारचे गृहस्थ वारले, त्यांनी १९८६ मधे स्वतः बांधून पुरं केलेलं लाँग-ईझी हे दोन सीटचं छोटं विमान तीन वर्षं हँगरमधे उभं आहे, सोबत शेल्फभर पार्ट, प्लॅन, जुनी मासिकं, पोस्टर आणि एक लाकडी प्रोपेलर. त्यांच्या घरच्या बाई सगळं मिळून ३२ हजार डॉलर म्हणतायत. घेऊ का, आणि नको ते विकून किती पैसे सुटतील, असं तुम्ही विचारलंय.

काका म्हणालात, चालेल, वय झालंच आहे. २२ वर्षं ए अँड पी (म्हणजे सरकारी परवाना असलेला विमान) मेकॅनिक आहे इकडे ओहायोत, होमबिल्ट म्हणजे हौशी लोकांनी स्वतः बांधलेल्या विमानांची वार्षिक तपासणी हेच माझं जास्त काम, आणि एक आरव्ही-६ स्वतः गॅरेजमधे बांधलंय (सात वर्षं लागली, आमच्या हिने गाडी सात हिवाळे बर्फात उभी केली, ते अजून ऐकतोय). पण तुम्हाला सांगायची गोष्ट मी विमानात नाही शिकलो, इचलकरंजीत शिकलो. वडील जुने यंत्रमाग घेऊन दुरुस्त करून विकायचे. माग बघायला गेले की मागाला हात लावायच्या आधी विचारायचे, याचा जॉबर, म्हणजे माग जुळवून चालता ठेवणारा मिस्त्री, कोण होता? जॉबरचं नाव कळलं की निम्मा भाव तिथेच ठरायचा.

होमबिल्टचं अगदी तसंच आहे. सेसना घेता तेव्हा कारखाना घेता, एका मॉडेलची हजारो विमानं एकाच साच्यातली. होमबिल्टला कारखाना नसतो. डेटा प्लेटवर, म्हणजे विमानावर ठोकलेल्या ओळखपट्टीवर, उत्पादक म्हणून बांधणाऱ्याचं नाव असतं, म्हणजे समजा कुलकर्णी आडनावाच्या माणसाने लाँग-ईझी बांधलं तर एफएएच्या (अमेरिकेच्या विमान खात्याच्या) दप्तरी ते कुलकर्णी लाँग-ईझी, रुटानचं नाही. बर्ट रुटान हा त्याचा डिझायनर, त्याने फक्त नकाशे विकले, १९८० पासून, आणि १९८५ ला तेही बंद केले. त्यामुळे 'लाँग-ईझी चांगलं विमान आहे का' या प्रश्नाला काही अर्थ नाही, 'हे' लाँग-ईझी कसं आहे एवढंच विचारायचं.

याचं सगळ्यात कडू उदाहरण जॉन डेन्व्हर, गायक. १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियात माँटेरेच्या खाडीत तो ज्या लाँग-ईझीसकट कोसळून वारला ते त्याने नुकतंच सेकंडहँड घेतलं होतं, अर्ध्या तासाचं चेकआउट (त्या विमानाची ओळख करून घ्यायचं उड्डाण) आदल्या दिवशी झालेलं. नवशिका नव्हता, अडीच हजारांवर तास होते त्याच्याकडे. लाँग-ईझीला डावी आणि उजवी टाकी, दोन्ही एकदम चालू ठेवायची सोय नाही, टाकी बदलायचा सिलेक्टर हाताने फिरवायचा. नकाशात तो सिलेक्टर पायलटच्या दोन पायांच्या मधे आहे. या विमानाच्या बांधणाऱ्याने इंधनाच्या नळ्या कॉकपिटमधे नकोत म्हणून तो मागे डाव्या खांद्याच्या पाठी बसवला. हेतू वाईट नव्हता बरं का, आगीची भीती होती. पण झालं काय, स्टिक (विमान चालवायचा दांडा) उजव्या हाताला, म्हणजे टाकी बदलायची तर स्टिक सोडायची, उजवा हात डाव्या खांद्यामागे न्यायचा, अंग पिळायचं, आणि अंग पिळताना उजवा पाय रडरच्या, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवायच्या, पेडलवर आपोआप दाबला जातो. वर सिलेक्टरवर खुणा नाहीत, इंधन किती उरलं ते दाखवणाऱ्या काचनळ्यांवरही आकडे नाहीत. उडायच्या आधी हात पुरावा म्हणून सिलेक्टरच्या दांड्याला पक्कड लावून बघितली, जमलं नाही, आणि इंधन भरायचं का विचारल्यावर तासभरच उडायचंय म्हणून नको म्हणाला. एनटीएसबीच्या, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, अहवालात सगळं आहे.

आता विचार करा, ते विमान बाहेरून बघून कोणाला काय कळलं असतं? रंग चकचकीत, इंजिन चांगलं. चूक एका माणसाच्या एका निर्णयात होती, काही वर्षं आधी घेतलेल्या.

एनटीएसबीने २०११ मधल्या होमबिल्टच्या २२४ अपघातांचा अभ्यास केला होता, त्यात निम्म्याहून जास्त विमानं सेकंडहँड घेतलेली निघाली आणि १४ अपघात तर नव्या मालकाच्या पहिल्याच उड्डाणात. तुम्ही १७२ वर १४० तासवाले, तेव्हा ही ओळ परत एकदा वाचा.

म्हणून हँगरमधे गेल्यावर विमानाकडे जाऊ नका, ते कुठे पळत नाही. तसंही ते नंदीसारखं गुडघे टेकून बसलेलं असेल, लाँग-ईझीचं इंजिन मागे असल्यामुळे रिकामं असताना नाक जमिनीवर टेकवूनच उभं करतात, बघून घाबरू नका. आधी बाईंना विचारा, बांधताना काढलेल्या फोटोंचा अल्बम कुठे आहे. बांधणारे बहुतेक तो ठेवतातच, कारण विमानाचा मोठा भाग हौशी माणसाने स्वतः केला हे एफएएला दाखवायचं असतं, तोच तो ५१ टक्क्यांचा नियम. हे सगळं काम १९८० च्या दशकातलं, म्हणजे रोलच्या कॅमेऱ्यावरचे फोटो असतील, मागे पेनाने तारखा.

आणि इथेच लोक फसतात. घर आवरताना तो अल्बम 'आठवणी' म्हणून नातवंडांकडे जातो, किंवा जुन्या मासिकांच्या खोक्यात पडतो आणि शंभर डॉलरला खोकं विकलं जातं. माझ्या मते तो अल्बम त्या इंजिनापेक्षा महाग आहे. लाँग-ईझी म्हणजे फोम तापलेल्या तारेने कापायचा आणि त्यावर फायबरग्लासचं कापड इपॉक्सीने बसवायचं, एकदा वर फिलर आणि रंग लागला की आत काय आहे ते देवालाच माहीत. आरव्हीसारख्या पत्र्याच्या विमानात मी बॅटरी घेऊन आत डोकं घालतो, रिव्हेट मोजतो, वाईट ठोकलेला रिव्हेट दिसतो. इथे दिसत नाही. फोटोत दिसतं.

एक किस्सा सांगतो म्हणजे कळेल. काही वर्षांपूर्वी अशाच एका ईझीचा अल्बम बघत होतो, मालकाने मुकाट्याने पुढे ठेवला होता. मधल्या स्पारच्या (पंख पेलणाऱ्या तुळईच्या) लेअपचं, म्हणजे कापडाचे थर बसवण्याचं, पान. कापडाचे थर किती ते कडेला पेन्सिलने लिहिलेलं, बाजूला स्टीलची पट्टी ठेवून फोटो, खोलीचं तापमान लिहिलेलं, आणि एका फोटोखाली लिहिलेलं की इथे हवा राहिली, उद्या कापून परत करणार, आणि पुढच्या पानावर खरंच कापलेला भाग आणि दुरुस्तीचा फोटो. मी तिथेच मनात विमान पास केलं. ज्याने स्वतःची चूक फोटो काढून चिकटवली त्याच्या न दिसणाऱ्या कामावर विश्वास ठेवायला माझी हरकत नाही. याउलट सगळे फोटो हसऱ्या माणसाचे आणि पहिल्या उड्डाणाच्या केकचे असले की मी सावध होतो.

अल्बमसोबत दुसरी गोष्ट, रुटानच्या कंपनीचं 'कॅनार्ड पुशर' नावाचं बातमीपत्र निघायचं, त्याचे अंक त्या मासिकांच्या ढिगात नक्की असतील. संग्राहकाला विकायला जाल तर फार काही येणार नाही, स्कॅन केलेले अंक सगळीकडे फिरतात. पण नकाशातल्या चुका आणि सक्तीचे बदल त्याच अंकांतून कळवले जायचे. त्या माणसाने बदलांसमोर टिकमार्क करून तारखा घातल्या असतील तर तो विमानाचा सर्व्हिस रेकॉर्ड आहे, तो खोक्यात विकू नका आणि कोणाला विकूही देऊ नका.

आता विमान. पुढचा छोटा पंख, कॅनार्ड, कुठला आहे विचारा, जुना जीयू की नंतरचा राँझचा. जीयू असेल तर पावसात लिफ्ट (पंखाची उचल) कमी होते आणि नाक खाली जायला लागतं, राँझवाल्यात तो त्रास नाही. रंग पांढरा हवा, गडद रंग असेल तर पुढे बोलूच नका, टेक्ससच्या उन्हात गडद पृष्ठभाग इतका तापतो की आतली इपॉक्सी मऊ पडू शकते आणि रुटानने पांढराच द्या म्हणून बजावलं होतं. अंधारात बॅटरी आडवी धरून पंखावर प्रकाश टाका, फुगवटे दिसतात का, मग नाणं घेऊन सगळीकडे टकटक करत जा, चांगल्या जागी आवाज खणखणीत आणि सुटलेल्या जागी भद्द. मडकं वाजवून घेतो तसंच. आणि सिलेक्टर कुठे आहे ते सीटवर बसून, पट्टा आवळून, डोळे मिटून हात लावून बघा. सगळ्यात आधी हेच करा खरं तर.

इंजिन बहुतेक लायकोमिंग ओ-२३५ असेल. तीन वर्षं बंद, हीच माझी मुख्य काळजी. लायकोमिंगचा कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) क्रँकच्या वरच्या बाजूला असतो, बंद राहिलं की त्यावरचं तेल ओघळून जातं आणि कॅम उघडा पडून गंजतो. विकणारा सांगेल कॉम्प्रेशन (सिलिंडर दाब किती धरतात ते) छान आहे, ते खरंही असेल, कॉम्प्रेशनचा आणि कॅमचा काही संबंध नाही. मी एकाचं सिलिंडर काढून बघितलं होतं, लॉगबुकात चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन ७५ च्या वर, म्हणजे उत्तम, आणि कॅमच्या लोबवर तपकिरी खड्डे, नख फिरवलं की अडकायचं, खडीसाखरेच्या खड्यावरून फिरवल्यासारखं. ते इंजिन अजून पन्नास-शंभर तास चाललं असतं आणि सगळीकडे लोखंडाचा भुगा पसरवून बसलं असतं. तेव्हा सिलिंडर काढू देत असतील तरच पुढे जा, मजुरी तुम्ही द्या. तयारी ठेवा, पूर्ण ओव्हरहॉल निघालं तर आजकाल खर्च ऐकून घाम फुटतो, बाई सांगतात त्या किमतीच्या आसपास एकट्या इंजिनालाच जाऊ शकतात.

डॅलस-फोर्टवर्थच्या ३० मैलांच्या वर्तुळात उडायचं म्हणजे एडीएस-बी आउट (विमान कुठे आहे ते सतत कळवणारं यंत्र) लागतं, २०२० पासून सक्ती आहे. आणि मागे लाल डबीतला ईएलटी (विमान पडलं की हाक देणारा ट्रान्समीटर) जुना १२१.५ मेगाहर्ट्झवाला असेल तर फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह तो ऐकतच नाहीत. हे सगळं भावातून वजा करा.

वजनाचा कागद जुना असेल तर परत तराजूवर चढवून घ्या. आणि तुमचं वजन किती? हसू नका, विचारतोय. लाँग-ईझीत बारीक पायलट एकटा उडाला की सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी मागे जातो, नाकात शिसं ठेवायला लागतं. आपल्याकडच्या साठ किलोच्या पोरांना हा मुद्दा लागू होतो, तो माणूस टेक्ससचा धिप्पाड असेल तर त्याला कधी गरजच पडली नसेल आणि कुठे लिहिलेलंही नसेल.

कागदपत्रांत एक मोठी मेख आहे. मालक वारल्यावर ३० दिवसांनी त्याचं रजिस्ट्रेशन आपोआप संपतं. म्हणजे विमान आत्ता कायद्याने उडूच शकत नाही, 'चला एक चक्कर मारून बघू' असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. बिल ऑफ सेलवर, म्हणजे ८०५०-२ फॉर्मवर, बाईंची नुसती सही पुरणार नाही, प्रोबेट (वारसाहक्काच्या) कोर्टाचे कागद किंवा वारसाचं अ‍ॅफिडेव्हिट लागेल. पैसे द्यायच्या आधी ओक्लाहोमा सिटीच्या रजिस्ट्रीत टायटल सर्च करून घ्या, कर्जाचा बोजा असेल तर तिथे कळतो. तुमचं ग्रीन कार्ड आहे म्हणून तुमच्या नावावर होईल. एच-१बी वर असलेले जे वाचतायत त्यांना सांगतो, स्वतःच्या नावावर होत नाही, नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला लागतो, मित्राच्या नावावर घेऊ वगैरे डोक्यातून काढा.

ऑपरेटिंग लिमिटेशन्सचे, म्हणजे विमान कोणत्या अटींवर उडवायचं त्याचे, कागद मूळ हवेत, त्याशिवाय एअरवर्दीनेस सर्टिफिकेट अर्धं. फेज वन, म्हणजे सुरुवातीची चाचणी उड्डाणं, संपल्याची नोंद लॉगबुकात शोधा, काही महाशय ती करायचीच विसरलेले असतात. आणि बांधणाऱ्याचं रिपेअरमन सर्टिफिकेट (आपल्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करायचा परवाना) त्याच्यासोबत गेलं, ते विमानाबरोबर मिळत नाही. किरकोळ काम तुम्ही स्वतः करू शकता, होमबिल्टची हीच मजा आहे, पण दर १२ महिन्यांच्या तपासणीला ए अँड पी लागेल आणि प्रत्येक ए अँड पी अशा कंपोझिट (फोम-फायबरग्लासच्या) विमानाला हात लावत नाही. तो आधी शोधा, नंतर विमान.

पार्ट. शेल्फावर कॉफीच्या डब्यांत बोल्ट असतील, शंभर टक्के. एएन, म्हणजे विमानासाठीच्या प्रमाणित, बोल्टच्या डोक्यावर फुलीसारखी उठावदार खूण असते, ती असेल तर ठेवा, नाहीतर तो हार्डवेअरच्या दुकानातला आहे, कुंपणाला वापरा. एकदा वापरलेले नायलॉनवाले नट फेका. जुनी इपॉक्सी उघडूही नका, त्या काळच्या सेफ-टी-पॉक्सीच्या हार्डनरमधे एमडीए असायचं, विषारी प्रकरण आहे, काउंटीच्या घातक कचऱ्यात द्या. रबरी होज कितीही नवे दिसू देत, कचरा. व्हॅक्यूमवर चालणारे जुने जायरो आजकाल कोणी विचारत नाही. पैसे मिळतात ते मॅग्नेटो, कार्ब्युरेटर, स्टार्टर यांचे, आणि तेही कागद असेल तर. होमबिल्टवाल्याला कायद्याने कागद लागत नाही पण सेसनावाल्याला लागतो, आणि गिऱ्हाईक सेसनावालेच जास्त, त्यामुळे ८१३० चा टॅग (पार्ट वापरण्यालायक असल्याचा एफएएचा कागद) लटकत असलेला कार्ब्युरेटर आणि तसाच टॅग नसलेला यांच्या भावात दुपटीचा फरक पडतो. टॅग सुटून खाली पडलेत का बघा, मी एकदा केराच्या डब्यातून काढलेत.

आठवणींच्या वस्तू. मासिकांचे गठ्ठे जवळपास रद्दीच्या भावाने, कारण अमेरिकेतल्या प्रत्येक हँगरमधे तेच गठ्ठे आहेत, कोणीच फेकलेले नाहीत. सही असलेलं पोस्टर असेल तर भुलू नका, रुटानने कितीतरी वर्षं ऑशकॉशच्या वार्षिक विमानमेळ्याला येऊन सह्या दिल्यात, दुर्मिळ नाहीत. १९८६ च्या रुटानच्याच व्हॉयेजर विमानाच्या न थांबता जगप्रदक्षिणेच्या वेळचं काही असेल, तारीख आणि फोटोसकट, तर त्याला गिऱ्हाईक आहे. लाकडी प्रोपेलरच्या हबवर व्यास, पिच आणि नंबर ठोकलेले असतात, ते नसतील तर तो फर्निचरवाल्याचा शोभेचा. खरा असेल आणि भिंतीसाठी विकणार असाल तर हबमधून आरपार एक भोक पाडा आणि पावतीवर फक्त शोभेसाठी असं लिहा, नाहीतर कोणीतरी शहाणा तो इंजिनाला लावेल. डेटा प्लेट मात्र कधीच, कोणी कितीही देऊ करो, विमानापासून वेगळी विकायची नाही.

विकायचं तर जाहिरातीतले भाव बघून हुरळू नका, बार्नस्टॉर्मर्स काय किंवा १९३७ पासूनचं, पिवळ्या कागदासाठी ओळखलं जाणारं ट्रेड-अ-प्लेन काय, तिथे दिसते ती मागितलेली किंमत. जुलैअखेर ऑशकॉशला फ्लाय मार्केटमधे फिरलात तर पुण्याच्या जुन्या बाजाराची आठवण येईल, तिथे खरा भाव कानावर पडतो.

तुम्ही शेवटी विचारलंय की पुढेमागे हे विमान पुण्याला नेता येईल का. विसरा. आपला अमोल यादव, कांदिवलीच्या चारकोपला गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं त्याने, फेब्रुवारी २०१६ ला मेक इन इंडियात बीकेसीला सगळ्यांनी फोटो काढले आणि नुसतं रजिस्ट्रेशन मिळायला नोव्हेंबर २०१७ उजाडला. तो व्यवसायाने पायलट, स्वतः बांधणारा, वर्तमानपत्रात रोज नाव. तुम्ही दुसऱ्याने बांधलेलं जुनं घेऊन जाणार.

३२ हजार? मी असतो तर सगळं एकत्र घेतलंच नसतं. विमान, लॉगबुकं, अल्बम, प्लॅन आणि टिकमार्कवाली बातमीपत्रं एवढं एका बाजूला, त्याचे कॅम चांगला निघाला तर २४ हजारांपर्यंत, कॅम गेलेला असेल तर १२ च्या वर नाही. बाकी शेल्फ बाईंचं बाईंना विकू द्या, तुम्ही दोन शनिवार जाऊन वेगळं करायला मदत करा, टॅग बांधून द्या, त्यांना भाव माहीत नाहीत म्हणून त्यावर कमवायला जाऊ नका. ईझीवाले सगळे एकमेकांना ओळखतात, गोष्ट पसरते.

आणि सौदा झाला तरी पहिलं उड्डाण तुम्ही करायचं नाही. ज्याचे लाँग-ईझीवर भरपूर तास आहेत असा माणूस शोधा, तो उडवेल, मग त्याच्या विमानात मागच्या सीटवर दहाएक तास बसा. फ्लॅप नाहीत, धावपट्टी लांब लागते, स्टिक बाजूला, रडरचे दोन्ही पेडल वेगवेगळे बाहेर जातात आणि तेच ब्रेकही, १७२ ची एकही सवय कामाची नाही. विमा कंपनीही हेच विचारेल.

शनिवारी जाणार असाल तर अल्बममधली मधल्या स्पारची, पंखाच्या जोडाची आणि फायरवॉलजवळच्या (इंजिनाच्या आगीपासूनच्या आडभिंतीजवळच्या) इंधननळ्यांची पानं मोबाइलवर नीट उजेडात काढून पाठवा, मागची तारीखही दिसली पाहिजे. ते बघून सांगतो सिलिंडर काढायचा खर्च करायचा की नाही.